हस्तिदंती सांगाडा आणि मेंदूचे पहारेकरी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाणारा मराठी माणूस बहुधा मोडीचे रुमाल पाहावयास जातो. मीही त्यासाठीच गेलो होतो. सरकारी कामानिमित्त त्या जिल्ह्यात काही काळ राहण्याचा योग आला आणि सुटीच्या दिवशी किल्ल्यातील राजवाड्याकडे पाय वळवण्याची सवय जडली. बृहदीश्वराच्या देवळातील भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख पाहून झाला होता. ज्या राजाने तो कोरविला त्या सरफोजीराजांचे दप्तर कसे असेल, याची उत्सुकता होती. जे पाहावयास मिळाले ते मात्र अगदी अनपेक्षित होते. ती होती डोळ्यांची चित्रे.

कोणा राणीचे किंवा नर्तकीचे डोळे नव्हेत. मोतीबिंदू झालेले, लाल झालेले, पडदा आलेले, अशा सामान्य रयतेचे डोळे. प्रत्येक रोग्याचा वृत्तान्त निराळा लिहिलेला आणि रोगट डोळ्याचे रंगीत चित्र काढलेले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे असे चाळीसहून अधिक रुग्णांचे कागद त्या ग्रंथालयात जपलेले आहेत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता; राजाची सत्ता किल्ल्याच्या आतबाहेर थोडीशी उरली होती. अशा राजाने उरलेल्या आयुष्याचे काय करावे? सरफोजीराजांनी ग्रंथ जमविले आणि धन्वंतरी महाल नावाचे औषधशोधनाचे पीठ चालविले. तेथे आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्य युरोपीय डॉक्टरांच्या शेजारी बसत. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत बांधून घेतले गेले. तेच पुढे ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने प्रसिद्धीस आले. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आला तेव्हा हा राजा लाव्हाझिए आणि ब्यूफाँ यांच्या ग्रंथांतील दाखले सहज देतो, हे पाहून तो थक्क झाला.

त्या राजवाड्यास भेट देणाऱ्या युरोपीय प्रवाशांच्या लेखांत आणखी एका वस्तूचा उल्लेख येतो, आणि आजच्या विषयाचे सूत्र मला तेथेच सापडले. महाराजांना शरीररचनेचा अभ्यास करावयाचा होता; पण मृताची हाडे घरात ठेवणे म्हणजे विटाळ. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी की, माणसाचा सांगाडाच हस्तिदंताचा करून घेतला! धर्म सांभाळून विज्ञानही सांभाळावे, हा त्या पिढीचा स्वभाव त्यात पुरता दिसतो. पण हस्तिदंतात हाडेच कोरता येतात. कवटीच्या आत जो मऊ, राखी रंगाचा गोळा असतो तो कोरता येत नाही. तो आत कसा विणलेला आहे, त्यात कोण राहते, हे सरफोजीराजांना ठाऊक नव्हते आणि त्या काळी पॅरिसलाही ठाऊक नव्हते. ते कळावयास शंभर वर्षे लागली, आणि त्या ज्ञानाचा एक मोठा भाग एका अशा रोगाच्या वाटेने आला की जो तंजावरच्या गल्ल्यांत तेव्हाही होता आणि आजही आहे. तो रोग म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज.

सुश्रुताच्या कल्पस्थानात या रोगाचे वर्णन आहे. दंश झालेल्या माणसास पाण्याची भीती वाटू लागली की ते मरणाचे चिन्ह समजावे, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, ही गोष्ट अडीच दशकांपूर्वी सेवेत दाखल झालेल्या डॉक्टरालाही तितकीच खरी होती. आशा आहे ती दंश आणि लक्षणे यांमधल्या काही आठवड्यांत. त्या अवधीचा उपयोग करण्याची युक्ती पॅरिसला लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलावर प्रथम वापरली. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून त्याचे द्रावण रोज टोचावयाचे, पहिल्या दिवशी अगदी निस्तेज आणि मग क्रमाक्रमाने जहाल. मुलगा वाचला.

हिंदुस्थानात ही सोय १९०० साली कसौलीस झाली. तंजावरच्या माणसाला कुत्रा चावला तर त्याने हिमालयाच्या कुशीतील त्या गावी जावे, म्हणजे देशाची लांबी तुडवावी, अशी स्थिती होती. १९०२ साली लिली पेकनहॅम वॉल्श ही तरुण इंग्रज स्त्री या रोगाने दक्षिणेत मरण पावली, तेव्हा सरकारला ही अडचण कळली. (गावोगावचे एतद्देशीय मरत होते तेव्हा ती कळली नव्हती, हे ओघाने आलेच.) हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाची देणगी मिळाली आणि १९०७ साली निलगिरीत कुन्नूर येथे दक्षिण भारताची पाश्चर संस्था उघडली.

कुन्नूरही शेतमजुराला जवळचे नव्हे. तो प्रश्न सुटला डेव्हिड सेम्पल या कसौलीच्या संचालकामुळे. १९११ साली त्याने विषाणू असलेला मेंदू कार्बोलिक आम्लाने निर्जीव करून लस तयार केली. पुढे ही लस मुख्यतः मेंढीच्या मेंदूपासून होऊ लागली. मेंढ्या मुबलक, कृती सोपी, खर्च थोडा, आणि मुख्य म्हणजे लस बाटलीत भरून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठविता येई. रोग्याने संस्थेकडे जाण्याऐवजी लस रोग्याकडे आली. कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर एवढे सुटसुटीत साधन क्वचितच सापडेल. त्या लसीने किती जीव वाचविले याची मोजदाद कोणी केली नाही. पण ती संख्या लहान नसणार. पुढे जे सांगावयाचे आहे ते सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आमच्या पिढीतील खेडोपाड्यांच्या मुलांना ती लस ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ या नावाने ठाऊक आहे. १९८० च्या दशकात, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, ती मीही घेतली आहेत. महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी रोज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर रांग लागे. माझ्यापुढे माझ्याच वयाचा एक मुलगा असे. आम्हा दोघांनाही एकाच दिवशी एकाच कुत्र्याने धरले होते. दहाव्या की अकराव्या दिवशी तो आला नाही. ताप आला, पाय गेले, लघवी अडली. गावाने म्हटले, अंगावरून वारे गेले. काहींनी म्हटले, कुत्र्याचे विष भिनले. दवाखान्यात उरलेल्या सुया मला देण्यात आल्या, आणि त्याचे काय झाले हे रजिस्टरात कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. पुढे तो हळूहळू उठला. एक पाय मात्र कायमचा ओढत राहिला.

हा प्रकार नवा नव्हता. पाश्चरच्या हयातीतच, उपचार चालू असताना काही रोग्यांना पक्षाघात होतो, असे दिसून आले होते. तो कशाने होतो, यावर पन्नास वर्षे वाद चालला. कोणी म्हणे, हा मूळ रेबीजच, मुक्या स्वरूपातला. कोणी म्हणे, लसीतील विषाणू पुरता मेला नसावा. एक तिसरी शंका होती: दोष विषाणूचा नसून ज्या मेंदूत तो वाढविला त्या मेंदूचाच असेल तर? ही शंका फेटाळणे सोपे होते. मेंदू हा काही विष नव्हे. मेंढीचा मेंदू तर लोक खातात! पण पोटात जाणे वेगळे आणि कातडीखाली टोचणे वेगळे. १९२५ साली कोरिट्शोनर आणि श्वाइनबुर्ग यांनी सशांना माणसाचा निरोगी मज्जारज्जू टोचला आणि काही सशांना पक्षाघात झाला. १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचे द्रावण पुनःपुन्हा टोचले. विषाणूचा लवलेश नव्हता. तरी आठांपैकी दोन माकडांच्या मेंदूत तीच विकृती उमटली. १९४७ साली त्या द्रावणात प्रतिकारशक्ती चेतविणारे तेलकट मिश्रण घालून पाहिले, तेव्हा जो रोग व्हावयास महिने लागत तो काही आठवड्यांतच होऊ लागला.

म्हणजे विषाणू निर्दोष ठरला आणि शरीराची संरक्षक शक्तीच आरोपी ठरली. पाउल एर्लिखने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मानले होते की, शरीर स्वतःवर शस्त्र उगारण्यास भिते. ते येथे उगारले गेले होते. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, विजेच्या तारेवरील रबरासारखे. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांत फारसा फरक नाही. रोज कातडीखाली मेंढीचे मायलिन टोचल्यावर रक्तातील लसिकापेशी त्याला परके समजून त्याची ओळख पक्की करतात, आणि मग तीच ओळख घेऊन माणसाच्या मेंदूत शिरतात. १९८७ साली बँकॉकच्या संशोधकांनी ही लस घेऊन आजारी पडलेल्या रोग्यांच्या शरीरात नेमकी मायलिनच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे वर्णन शार्कोने १८६८ साली केले होते. त्यातही वेष्टने अशीच उखडतात. त्या रोगाबद्दल आज जे कळते आहे, त्यातले बरेचसे या लसजन्य पक्षाघाताच्या प्रयोगांतून कळलेले आहे.

पण येथे एक कोडे उरते. लसिकापेशी बाहेरून आल्या, हे मान्य. मेंदूत शिरल्यावर त्यांना वाट कोणी दाखविली? पुष्कळ काळ अशी समजूत होती की, मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या हद्दीबाहेरचा मुलूख आहे. वस्तुतः मेंदूला स्वतःचे पहारेकरी आहेत आणि ते १९१९ सालीच सापडले होते.

ही कथा माद्रिदची आहे. रामोन इ काहाल या थोर शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षारांनी मेंदूचे पातळ काप रंगवून मज्जापेशी जगाला दाखविल्या होत्या. त्यांच्याभोवती भरताड म्हणून असलेल्या पेशींना ग्लिया, म्हणजे चक्क सरस किंवा खळ, असे नाव पडले होते. त्यांपैकी काही पेशी कशातच बसत नव्हत्या. निकोलास आचुकारो याने रेबीज झालेल्या जनावरांच्या मेंदूत लांबट, काठीसारख्या पेशी पाहिल्या होत्या. म्हणजे येथेही प्रथम दर्शन घडविले ते पिसाळलेल्या जनावरानेच. आचुकारो १९१८ साली अकाली वारला. त्याचा शिष्य पिओ देल रिओ ओर्तेगा याने रौप्य कार्बोनेटची नवी कृती बसविली आणि त्या पेशी काळ्याभोर उठून दिसू लागल्या. त्याने त्यांना मायक्रोग्लिया म्हटले. निरोगी मेंदूत त्या बारीक फांद्या पसरून, आपापली हद्द वाटून घेतल्यासारख्या बसलेल्या असतात. इजा झाली की फांद्या आवरून गोल होतात, चालू लागतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. काहालला हे सहजी मानवले नाही, आणि गुरुशिष्यांत बेबनाव झाला. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात ओर्तेगाला देश सोडावा लागला. १९४५ साली तो ब्युनॉस आयर्स येथे परक्या भूमीत वारला. हस्तिदंतात जे कोरता येत नव्हते ते त्याने चांदीत उमटविले होते, एवढे खरे.

त्याचे बरेचसे म्हणणे पुढे खरे ठरले. या पेशी मेंदूत जन्मत नाहीत, बाहेरून येऊन वसतात, असे तो म्हणे. २०१० साली उंदरांवरील संशोधनाने दाखविले की, गर्भाच्या अगदी आरंभी अंडपीतकाच्या पिशवीतून निघून त्या मेंदूत शिरतात आणि तेथेच कायमच्या राहतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावता आले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: स्वस्थ बसलेल्या वाटणाऱ्या या पेशी क्षणभरही स्वस्थ नसतात. त्यांच्या फांद्या सारख्या आसपास चाचपत असतात, रात्रीच्या गस्तीवरील शिपाई दारांच्या कड्या हलवून पाहतो तशा.

आता प्रश्न असा की, मज्जावेष्टने उखडली जातात त्या दिवशी हे शिपाई काय करीत असतात? येथे माझ्या नोकरीतील एक उपमा देण्याचा मोह होतो. गावात दंगल उसळते तेव्हा ठाण्याचे शिपाई असतात आणि बाहेरून आणलेली राखीव तुकडीही असते. गोळीबार झाल्यावर चौकशी होते. साक्षीदार सांगतात, खाकी कपड्यातल्या माणसाने बंदूक चालविली. कोणत्या? सगळेच खाकीत! मेंदूत नेमके हेच झाले होते. दाह सुरू झाल्यावर रक्तातून मोनोसाइट नावाच्या भक्षकपेशी आत शिरतात, आणि त्या गोल, फुगलेल्या मायक्रोग्लियासारख्याच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मायलिन खाणारी पेशी दिसे; ती घरची की बाहेरची, हे सांगता येत नसे. त्यामुळे अनेक वर्षे सगळा दोष मायक्रोग्लियावर येत राहिला.

२०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेने हा घोळ एका साध्या कल्पनेने सोडविला. उंदरांची पैदास अशी केली की, बाहेरून येणाऱ्या भक्षकपेशी लाल चमकाव्यात आणि मेंदूच्या मूळ पेशी हिरव्या. मग तोच जुना, रिव्हर्सचा रोग त्या उंदरांत उत्पन्न केला. आरंभीच्या दिवसांत मज्जातंतूंना चिकटून वेष्टन सोलणाऱ्या पेशी मुख्यतः लाल निघाल्या. हिरव्या पेशी पडलेला कचरा उचलीत होत्या. आणि कचरा उचलला गेल्याशिवाय नवे वेष्टन नीट चढत नाही, हे इतर प्रयोगांतून दिसून आले आहे.

म्हणून मायक्रोग्लियाची निर्दोष सुटका झाली असे मात्र नाही. २००५ साली झुरिकच्या संशोधकांनी उंदरांच्या मायक्रोग्लिया तात्पुरत्या निष्क्रिय करून पाहिल्या, तेव्हा रोगच उशिरा आणि सौम्य आला. म्हणजे दंगलीची पहिली शिट्टी फुंकण्यात, बाहेरच्यांना हाक घालण्यात या घरच्या शिपायांचा हात असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जुनाट रोग्यांत तर वर्षानुवर्षे धुमसत राहणाऱ्या व्रणांच्या कडेला याच पेशी पाय रोवून बसलेल्या आढळतात. एकच पेशी एका आठवड्यात चिथावणी देते आणि पुढच्या आठवड्यात साफसफाई करते. तिला ठार मारणारे औषध शोधावे की तिला शांत करणारे, हा आजच्या वैद्यकापुढील खरा पेच आहे, आणि तो सुटलेला नाही.

आता मला मघाच्या लसीकडे परत जावयाचे आहे. रिव्हर्सचा प्रयोग १९३३ चा. मेंढीच्या मेंदूत काय दोष आहे, हे त्यानंतर गुपित राहिले नव्हते. १९५५ साली चिली देशात नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस निघाली. एवढ्या कोवळ्या मेंदूत मायलिन जवळजवळ नसते, म्हणून तिने पक्षाघात कमी होत. १९७० च्या दशकात मेंदूचा अंशही नसलेली, पेशीसंवर्धनावरील लस आली. जागतिक आरोग्य संघटना १९८० च्या दशकापासून मेंदूची लस बंद करा, असे सांगत होती. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ती फुकट दिली जात राहिली ती २००४ च्या अखेरपर्यंत. ज्याच्या गाठीला पैसे होते तो दरम्यानच्या काळात बाजारातील नवी लस दंडावर घेत होता. ज्याच्याकडे नव्हते तो पोट उघडे करून रांगेत उभा होता.

यात खलपुरुष शोधण्यात अर्थ नाही, असे कारभाराचा अनुभव मला सांगतो. फाइलीवर दोन आकडे असतात. एका बाजूला लस न दिल्यास निश्चित मृत्यू. दुसऱ्या बाजूला हजारोंत एखाद्याला पक्षाघात. महाग लस घ्यावी तर सर्वांना पुरत नाही. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित मीही तेच लिहिले असते. पण मला टोचणी लागते ती वेगळ्या गोष्टीची. त्या दुसऱ्या बाजूचा आकडा आपण कधी धड मोजलाच नाही. जेरुसलेमला, पॅरिसला अशा रोग्यांच्या याद्या केल्या गेल्या, तुलना झाल्या, आणि त्यातून रिव्हर्सला आपला प्रश्न मिळाला. आपल्याकडे मोठ्या शहरांतील मेंदूरोगतज्ज्ञांपर्यंत जे पोचले त्यांची नोंद झाली. बाकीच्यांना वारे गेले. किती पाय ओढत राहिले हे ठाऊक असते, तर महाग लसीचा हिशेब १९९० च्या आसपासच वेगळा मांडता आला असता, असे माझे मत आहे. सरफोजीराजांच्या लेखनिकांनी अधिकार हरवलेल्या दरबारात बसून एकेका रयतेच्या डोळ्याचे चित्र काढून ठेवले होते. म्हणून तर ते कागद पाहताना मला माझा तालुक्याचा दवाखाना आठवला.

कुन्नूरच्या त्याच पाश्चर संस्थेत २००१ पासून पेशीसंवर्धनाची लस बनू लागली. २००६ साली ती कातडीत अगदी थोड्या मात्रेने देण्यास परवानगी मिळाली आणि खर्च पुष्कळ उतरला.

माझ्यापुढे रांगेत उभा असणारा तो मुलगा आता माझ्याच वयाचा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. काही वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा त्याच्या मुलीस कुत्रा चावला होता, आणि काठी टेकीत तो तिला घेऊन दवाखान्यात निघाला होता. मी सोबत गेलो. नर्सबाईंनी सुई हाती घेताच त्याने विचारले, “बाई, कुठं टोचणार?” त्यांनी मुलीची बाही वर सारून दंड दाखविला. मग तो खाली बाकावर बसला.